लोक शोधतायत, पण पुस्तक सापडत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत मागच्या महिन्यात एक लेख आला होता, की आता पुस्तकं कुणी वाचत नाही, मोबाइलनं वाचक पळवला वगैरे. लेख कळकळीनं लिहिलेला होता, ती कळकळ पटली, पण निष्कर्ष पटला नाही, आणि का पटला नाही ते नीट सांगायचं तर जरा लांबलचक लिहावं लागेल, त्यामुळे हे पत्र नेहमीपेक्षा मोठं झालंय. जमलं तर पूर्ण छापा, नाही जमलं तर शेवटची मागणी तेवढी छापा. माझं म्हणणं असं आहे की वाचक कुठे गेलेला नाहीये, तो रोज रात्री फोन हातात घेऊन काहीतरी शोधतच असतो, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक त्याच्यासमोर येतच नाही. यात वाचकाचा काय दोष? आपण पुस्तकवाले, म्हणजे लेखक, प्रकाशक आणि हो, वर्तमानपत्रंसुद्धा, पुस्तक सापडेल असं ठेवतच नाही.

हे ऐकीव नाही, स्वतःवरून सांगतोय. मी लहानपणापासून अडखळत बोलतो. शाळेत हजेरी देताना 'हजर' हा शब्द निघायचा नाही. जगात साधारण १०० मोठ्या माणसांमागे एकाला हा त्रास असतो असं मानतात, म्हणजे आपण फार एकटे नाही, पण हे मला कळायला चाळिशी उजाडली. मग मी त्यावर पुस्तक लिहिलं, चार वर्षांपूर्वी आलं. नाव इथं देत नाही, जाहिरात करायला पत्र लिहिलेलं नाही. प्रकाशन झालं, दोन परीक्षणं आली, ओळखीच्या लोकांनी घेतलं आणि मग शांतता. प्रकाशक म्हणाले असली पुस्तकं हळूच जातात हो. मीही तेच धरून बसलो.

साधारण वर्षानं एका रात्री सहज मनात आलं की माझ्या लहानपणी आईच्या हातात असा फोन असता तर तिनं काय टाइप केलं असतं. आणि मी तेच टाइप केलं, 'मुलगा अडखळत बोलतो काय करावे'. समोर आलं काय, तर सात दिवसांत गॅरंटीनं बरं करणाऱ्यांच्या जाहिराती, जिभेखाली काय ठेवायचं याचे व्हिडिओ, आणि एकमेकांवरून उतरवलेले आठ-दहा लेख ज्यात एकाही माणसाचा अनुभव नव्हता. माझं पुस्तक पहिल्या पानावर नव्हतं, पाचव्या पानावरही नव्हतं. मी दहा वर्षं ज्या आईसाठी लिहीत होतो तिला माझं पुस्तक दिसणारच नव्हतं, तिला तो सात दिवसांवाला दिसणार होता. त्या रात्री झोप लागली नाही खरं सांगतो.

मग मी शोधायला लागलो की असं का. कारण साधं निघालं आणि तेच सगळ्यात जास्त लागलं. पुस्तकाच्या नावात 'मौन' हा शब्द आहे, काव्यमय आहे, मला अजून आवडतो, पण रात्री अकरा वाजता घाबरलेली आई 'मौन' शोधत नाही. मलपृष्ठावर मी 'वाचादोष' लिहिलं होतं, आत 'वाक्प्रवाहातील अडथळे' असंही लिहिलंय. आणि लोक काय टाइप करतात? 'तोतरेपणा'. 'तोतरं बोलणं उपाय'. 'बोलताना शब्द अडकतात'. हा तोतरेपणा शब्द मी अख्ख्या मलपृष्ठावर एकदाही वापरला नव्हता आणि तो चुकून राहिलेला नव्हता, मी मुद्दाम टाळला होता, कारण शाळेत मला त्याच शब्दानं हाका मारायचे. अजूनही कुणी म्हटलं की पोटात कालवतं. म्हणजे मी माझ्या जखमेला जपलं आणि त्यापायी वाचकाला दार सापडलं नाही. पुस्तकाच्या ऑनलाइन माहितीत तो शब्द टाकायला मला दोन महिने लागले. शेवटी टाकला, आणि पहिल्याच परिच्छेदात असंही लिहिलं की हा शब्द अनेकांना दुखावतो, मलाही, पण तुम्ही तो शोधत आला असाल तर तुमच्यासाठीच हे पुस्तक आहे.

आता थोडं तांत्रिक, पण समजायला सोपं आहे. गुगल किंवा बिंग असो, हे लोक आपण शोधतो त्या क्षणी सगळं इंटरनेट धुंडाळत नाहीत. त्यांचे प्रोग्राम आधीच पानापानावर फिरून मजकूर वाचून ठेवतात आणि त्याची सूची बनवतात, अगदी पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी, कुठला शब्द कुठल्या पानावर. आपण शोधलं की त्या सूचीतून उत्तर येतं. तर जे त्या सूचीत गेलंच नाही ते येणार कुठून. माझ्या पुस्तकाचं प्रकाशकांच्या साइटवर जे पान होतं त्यावर मुखपृष्ठाचा फोटो होता, मलपृष्ठाचाही फोटो होता, आणि खाली 'कार्टमध्ये टाका' एवढाच खरा मजकूर. माणूस फोटोतलं वाचतो, मशीनला फोटोतली अक्षरं थोडीफार ओळखता येतात आता, पण त्याच्या भरवशावर पुस्तक सोडायचं नसतं. आणि त्या पानाचं शीर्षक, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर आणि गुगलच्या निकालात जी निळी ओळ दिसते ती, तिथं पुस्तकाचं नावच नव्हतं, नुसतं दुकानाचं नाव आणि एक नंबर. मी विनंती केली, त्यांनी बदललं, अर्ध्या तासाचं काम होतं. शीर्षकात पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि विषय, खाली दोनशे-तीनशे शब्दांचा खरा मजकूर, अनुक्रमणिका टाइप केलेली. अनुक्रमणिका तर टाकाच असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण प्रकरणांच्या नावांत वाचकाचे प्रश्न असतात.

याच्यावरून आठवलं, अजूनही काही जण कीवर्ड टॅग नावाचा प्रकार भरून देतो म्हणून पैसे घेतात, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून शंभर शब्द लिहायचे. गुगलनं २००९ च्या सप्टेंबरात जाहीर सांगितलंय की क्रमवारीसाठी आम्ही तो टॅग बघतच नाही. इतकी वर्षं झाली तरी हे विकलं जातंय आणि नवे लेखक फसतायत, त्याचा राग येतो.

मराठीची म्हणून एक वेगळी अडचण आहे आणि ती फार लोकांच्या लक्षात येत नाही. कित्येक पुस्तकं अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेली असतात. स्क्रीनवर देवनागरी दिसतं पण आतमध्ये ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, तो फॉन्ट काढला की सगळा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण छपाईच्या फायली मात्र जुन्याच चालत राहिल्या. अशा फाइलची पीडीएफ करून साइटवर चढवली तर शोधयंत्राला त्यात मराठी दिसतच नाही. तपासायची युक्ती सोपी आहे, पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून मेसेजमध्ये पेस्ट करून बघा, मराठी आली तर ठीक, नाहीतर फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्या. दुसरं म्हणजे 'ॲ' हे अक्षर. हे दोन प्रकारे टाइप होतं, एक 'अ' वर चंद्र देऊन आणि दुसरं स्वतंत्र अक्षर म्हणून जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, डोळ्याला दोन्ही सारखे पण कॉम्प्युटरला वेगळे. कवि-कवी, हिन्दी-हिंदी तसंच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आपले असंख्य लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करून शोधतात. गुगल कधी ते जुळवून घेतं कधी नाही. म्हणून पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव माहितीच्या पानावर एकदा तरी रोमन लिपीत द्यावंच, त्यानं मराठीचा काही अपमान होत नाही. यावर एका स्नेह्यांशी माझं कडाक्याचं भांडण झालं, ते म्हणाले हे लोटांगण आहे. मी म्हटलं, जो माणूस मराठी पुस्तक शोधतोय त्याच्याकडे मराठी कीबोर्ड नाही म्हणून त्याला परत पाठवायचं का?

नावाचा घोळ आणखी एक. माझं नाव पुस्तकावर एका पद्धतीनं, परीक्षणात दुसऱ्या, दुकानात तिसऱ्या, एकीकडे वडलांचं नाव आहे एकीकडे नुसतं आद्याक्षर. मशीनच्या दृष्टीनं ही तीन माणसं. आयएसबीएन क्रमांक त्यासाठीच असतो ना, १ जानेवारी २००७ पासून तो १० ऐवजी १३ आकडी झाला, त्या एका आकड्यानं जगात ती आवृत्ती ओळखता येते. पण आपण तो मलपृष्ठावर बारकोडखाली छापतो आणि विसरतो. तो प्रत्येक पानावर, प्रत्येक नोंदीत मजकूर म्हणून लिहायला हवा. २०११ साली गुगल, बिंग आणि याहूनं मिळून स्कीमा डॉट ऑर्ग नावाची एक पद्धत सुरू केली, त्यात 'हे पान एका पुस्तकाचं आहे, हा लेखक, हा आयएसबीएन, ही भाषा' असं मशीनला कळेल अशा साच्यात सांगता येतं. वेबसाइट बनवणाऱ्याला सांगितलं तर तो करून देतो, वाचकाला ते दिसत नाही पण यंत्राला दिसतं.

आणि गुगल बुक्स, म्हणजे पुस्तकांच्या आतला मजकूर शोधायची गुगलची सोय. याबद्दल लेखकांच्या मनात फार भीती आहे, माझ्याही होती, की पुस्तक चोरीला जाईल. ही कल्पना नवी नाही, ॲमेझॉननं ऑक्टोबर २००३ मध्ये पुस्तकाच्या आतल्या मजकुरात शोधायची सोय सुरू केली होती, तेव्हा १ लाख २० हजार पुस्तकं त्यात होती, आणि गुगलनं २००४ मध्ये आपलं काम जाहीर केलं. ग्रंथालयांतली पुस्तकं न विचारता स्कॅन केली म्हणून अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेनं २००५ मध्ये खटला भरला, तो दहा वर्षं चालला, आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयानं निकाल दिला की शोधण्यासाठी सूची बनवणं आणि चार ओळींचा तुकडा दाखवणं हे कायद्यात बसतं. तोपर्यंत २ कोटींहून जास्त पुस्तकं स्कॅन झाली होती. त्या लेखकांचा राग मला समजतो, विचारायला हवं होतं. पण प्रकाशकानं स्वतःहून पुस्तक देण्याचा जो मार्ग आहे तो वेगळा, तिथं किती भाग दाखवायचा ते आपण ठरवतो, कमीत कमी २० टक्के, आणि एक वाचक त्यापुढे जाऊ शकत नाही. फायदा असा की दाखवला २० टक्के तरी शोध मात्र पूर्ण पुस्तकात होतो. म्हणजे दोनशेव्या पानावरचं एक वाक्य कुणी शोधलं तर पुस्तक सापडतं. माझ्या मते विषयावरच्या पुस्तकाला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. कादंबरीवाल्यांनी आपापलं ठरवावं. ओपन लायब्ररी आणि गुडरीड्स या पुस्तकांच्या साइटवर नोंद करणं हे त्यामानानं छोटं काम, एका दुपारचं, करून टाकावं.

आता मला ज्यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते सांगतो. शोधयंत्रं ही फक्त आपलं पुस्तक दाखवायची जागा नाही, वाचकाचं ऐकायचीही जागा आहे. गुगलमध्ये दोन शब्द टाइप करून थांबा, खाली आपोआप वाक्यं सुचवली जातात, २००८ पासून ही सोय आहे, ती वाक्यं कुणीतरी खरोखर शोधलेली असतात. गुगल ट्रेंड्स २००६ पासून फुकट आहे, दोन शब्द शेजारी ठेवून बघता येतं की लोक कुठला जास्त शोधतात आणि वर्षात कधी. 'वाचादोष' आणि 'तोतरेपणा' शेजारी ठेवले आणि मला काय ते कळलं. आणि स्वतःची साइट असेल तर गुगलचंच सर्च कन्सोल, पूर्वी त्याला वेबमास्टर टूल्स म्हणायचे, तेही फुकट, त्यात मागच्या १६ महिन्यांचं दिसतं की लोक काय टाइप करून तुमच्या पानापर्यंत आले. माणसं दिसत नाहीत, नावं दिसत नाहीत, फक्त शब्द दिसतात.

मी एक साधी साइट केली होती, तीन पानांची. पहिल्या काही महिन्यांत त्या कन्सोलमध्ये जे शब्द आले ते मी वहीत उतरवून ठेवलेत. 'फोन आला की बोलता येत नाही'. 'स्वतःचे नाव सांगताना अडखळतो'. 'इंटरव्ह्यूत बोलणं अडकतं सांगावं का'. 'मुलीचं लग्न ठरताना सांगायचं का'. एक होतं नुसतं 'मला बोलायचंय'. हे वाचताना मला रडू आलं. मी पुस्तकात इतिहास, संशोधन, मेंदूचे भाग हे आधी घेतलं होतं कारण ते भारदस्त वाटतं, आणि फोनवर कसं बोलायचं, स्वतःचं नाव घेताना का अडतं यावरचं प्रकरण नववं होतं. पुस्तक लिहिताना मला वाटलं होतं हे फार घरगुती आहे. लोक त्याच्यासाठीच दार वाजवत होते. मग मी काय केलं, ते नववं प्रकरण जसंच्या तसं साइटवर मोफत टाकलं, आणि त्याला शीर्षक दिलं 'फोनवर बोलताना अडखळतो, काय करू'. प्रकाशक नाराज झाले, सगळं फुकट दिलं तर विकत कोण घेईल म्हणाले. पण उलट झालं. आधी महिन्याला एखादी प्रत जायची ती दहा-बारा जायला लागली, आणि दुसरी आवृत्ती निघाली. दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण मी दुसरं घेतलंय.

आकडा छोटा आहे हे मला माहीत आहे. पण प्रत्येक प्रत ज्याला हवी होती त्याच्याच हातात गेली. प्रकाशन समारंभात शंभर प्रती खपतात त्यातल्या किती वाचल्या जातात?

जाहिरातींबद्दल थोडक्यात. शोधाच्या जाहिराती लिलावावर चालतात, तुम्ही एका शब्दासाठी बोली लावता आणि कुणी क्लिक केलं तर पैसे कटतात. मी दोन महिने करून बघितल्या. वाईट नाहीत, पण पैसे थांबले की त्या दिवशी सगळं थांबतं, आणि माझ्या शब्दांवर त्या सात दिवसांवाल्यांची बोली माझ्यापेक्षा नेहमी मोठी असायची. ज्याला वेळ आहे पैसा कमी आहे त्यानं लिहिण्यावर वेळ घालवावा असं माझं मत झालं. ई-पुस्तक असेल तर ॲमेझॉनवर चढवताना सात कीवर्डच्या जागा मिळतात, तिथं 'उत्कृष्ट मराठी पुस्तक' असले शब्द न भरता वाचक बोलतो ते शब्द भरावेत, एवढं केलं तरी पुष्कळ.

मात्र एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. मला दोनदा फोन आले, 'सर तुमचं पुस्तक गुगलवर एक नंबरला आणून देतो, लिंक टाकून देतो, पन्नास चांगले रिव्ह्यू टाकून देतो'. गुगल स्वतः सांगतं की पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही. ज्या पानाला इतर साइटवरून जास्त लिंक असतात ते सहसा शोधात वर येतं म्हणून लोक लिंका विकत घेतात, अशा विकतच्या लिंकांचे ढीग रचणाऱ्यांना खाली ढकलायला त्यांनी एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणला, त्यात खूप साइट बुडाल्या. पण पकडले जाऊ म्हणून करू नये असं मी म्हणत नाही. पुस्तक विकत घेणारा माणूस लेखकावर विश्वास ठेवून घेतो, त्यात माझ्या विषयावरचा वाचक तर आधीच दहा जणांकडून फसलेला असतो. त्याच्याशी पहिली भेटच खोट्या रिव्ह्यूनं करायची? मित्रांना सांगून रिव्ह्यू लिहून घेणंही मला पटत नाही, ज्यांनी वाचलं त्यांनी लिहावं आणि वाईट लिहिलं तरी राहू द्यावं. माझ्या पुस्तकावर एकानं लिहिलंय की पहिली साठ पानं कंटाळवाणी आहेत. बरोबर आहे, मेंदूच्या भागांचीच ती पानं.

कुणी म्हणेल जुन्या पुस्तकांसाठी एवढं कशाला करायचं. पण शोधाची खरी गंमत जुन्या पुस्तकांसाठीच आहे. २००४ साली ख्रिस अँडरसन यांनी 'लांब शेपूट' या कल्पनेवर, म्हणजे थोडी थोडी खपणारी असंख्य पुस्तकं मिळून मोठा खप होतो यावर, जो लेख लिहिला त्याची सुरुवातच अशा एका पुस्तकानं आहे. गिर्यारोहणावरचं ते पुस्तक १९८८ चं, जवळजवळ विसरलं गेलेलं. नंतर त्याच विषयावर एक नवं पुस्तक १९९७ ला आलं आणि गाजलं, आणि ऑनलाइन दुकान नवं घेणाऱ्याला जुनंही सुचवायला लागलं, करता करता जुनं पुस्तक नव्यापेक्षा जास्त खपायला लागलं. दुकानाच्या फळीवर जागा मोजकी, नवं आलं की जुनं मागे जातं, पण सूचीत जागा संपत नाही. आपल्याकडे किती तरी चांगली, विषयाला धरून लिहिलेली पुस्तकं अशी पडून असतील की ज्यांच्याबद्दल इंटरनेटवर एक धड ओळ नाही.

आणि आता तर हे आणखी निकडीचं झालंय, कारण लोक लिंक बघायचंही सोडून देतायत, सरळ एआयला विचारतात की या विषयावर चांगलं पुस्तक सांग. २०२४ च्या मे महिन्यापासून गुगलही अमेरिकेत निकालांच्या वर एआयनं लिहिलेलं उत्तर दाखवायला लागलं आणि मग ते बाकी देशांतही गेलं. अशी उत्तरं जे लिहिलेलं सापडतं त्यातून तयार होतात, आणि सापडलं नाही तर कधीकधी चक्क रचून सांगतात. मे २०२५ मध्ये शिकागोतल्या एका मोठ्या दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी छापून आली, १५ पुस्तकं, त्यातली बरीचशी अस्तित्वातच नव्हती, खऱ्या लेखकांच्या नावावर खोटी पुस्तकं, एआयनं बनवलेली. विचार करा, नसलेली पुस्तकं छापून आली आणि असलेली पुस्तकं शोधून सापडत नाहीत. मी स्वतः एकदा माझ्याच विषयावर मराठी पुस्तकं विचारली तर तीन नावं मिळाली, तिन्ही मला कुठेच सापडली नाहीत. खरी नोंद जितकी जास्त जागी, जितकी एकसारखी असेल तितकी ही भेसळ कमी होईल असं मला वाटतं.

आता तुमच्याकडे येतो. माझ्या पुस्तकाचं परीक्षण तुमच्याच पुरवणीत आलं होतं, फार आत्मीयतेनं लिहिलेलं, त्या समीक्षकांचे आभार मी तेव्हाही मानले होते. पण ते परीक्षण आज शोधून सापडत नाही. ई-पेपरमध्ये ते पानाच्या चित्रात आहे आणि साइटवर जे आलं त्याचं शीर्षक होतं 'अंतर्मुख करणारा प्रवास', त्या शीर्षकात पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाही, विषय नाही. पुस्तकाचं नाव कोपऱ्यातल्या मुखपृष्ठाच्या फोटोत तेवढं होतं. पुढे साइट नवी झाली तेव्हा त्या पानाचा पत्ता बदलला आणि जुनी लिंक उघडेनाशी झाली. तुमच्या साइटवरचं एक पान शोधात जितकं वर येतं तितकं माझ्या तीन पानांच्या साइटचं कधीच येणार नाही, कारण तुमचं नाव जुनं आहे, हजारो लोक तुमच्या लिंक देतात. म्हणजे पुस्तकासाठी सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या हातात आहे आणि तिला खर्चही नाही.

तर मागणी अशी. प्रत्येक परीक्षण आणि 'पोहोच', म्हणजे आलेल्या पुस्तकाची छोटी नोंद, साइटवर मजकूर म्हणून यावं. शीर्षक कितीही सुंदर द्या पण त्यात किंवा पहिल्या ओळीत पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव, पुस्तकावर छापलंय त्याच स्पेलिंगनं, आणि पुस्तक कशाबद्दल आहे ते साध्या शब्दात. शेवटी प्रकाशक, वर्ष, पानं आणि आयएसबीएन. त्या पानाचा पत्ता बदलू नये, बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर जाईल अशी सोय ठेवावी. आणि जुनी परीक्षणं, जी चित्रातच अडकलीत, ती हळूहळू टाइप करून घ्यावीत. मनुष्यबळ नसेल तर मी माझ्यापुरतं सांगतो, आठवड्याला दोन परीक्षणं टाइप करून द्यायला तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी वाचक पुढे येतील, विचारून तर बघा.

२२ ऑक्टोबरला अडखळत बोलण्याबद्दल जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो, १९९८ पासून पाळतात. त्या दिवशी तुम्ही काही छापणार असाल तर एक विनंती आहे. शीर्षकात 'वाचादोष' लिहू नका, 'तोतरेपणा' लिहा. मला तो शब्द वाचून त्रास होईल, पण ती आई तोच टाइप करणार आहे.

आपला,
एक वाचक आणि लेखक